रेशीमकिड्याची गाठ

आई, आज प्रयोगशाळेत माझ्या एका विद्यार्थिनीनं रेशीमकिड्याला दोरा इतका आवळून बांधला की किडा जागीच फुटला. ती रडवेली झाली, आणि मला तू आठवलीस. तुला जाऊन आता कितीतरी वर्षं झाली. फलटणजवळची आपली पत्र्याची शेड, तुतीच्या पाल्याचा ओला वास, किडे पाला खाताना होणारी चरचर, सगळं जसंच्या तसं आहे माझ्यापाशी.

नव्वदीच्या दशकातली ती दिवाळीची सुट्टी. सांगलीच्या कॉलेजातून मी प्राणिशास्त्राचा एक प्रयोग घेऊन घरी आलेली. कोश विणायच्या बेतात आलेल्या किड्याला मधोमध दोरा बांधायचा आणि पुढं काय होतं ते बघायचं. तुला न विचारता मी सहा किडे उचलले. चार मेले. मागं वळून बघते तर पाल्याची पाटी घेऊन तू दारात उभी.

"पोरावानी वाढवलं त्यास्नी, आन् तू फास लावतीस व्हय गं?"

 तू पाटी ठेवतेस, मेलेले चारही किडे वेचून बाजूला करतेस, आणि मग विचारतेस, "कशापायी करतीस ह्ये?" मी जमेल तसं सांगते. "आण हिकडं दोरा."

उरलेल्या दोघांना तू गाठ मारलीस, नाजूक अंग दबेल इतपतच. चार-पाच दिवसांनी एकाचा पुढचा अर्धा भाग कात टाकून तपकिरी झाला, कोशाच्या आत होतो तसा. मागचा अर्धा मात्र पांढरा किडाच राहिला. तो तळहातावर घेऊन तू उजेडात धरलास.

"डोक्याचा निरोप खाली गेलाच न्हाई, बघ."

हार्मोन हा शब्द माझा पाठ होता, पण कळला त्या घडीला. आज मी तोच निरोप शोधते. किड्याच्या मेंदूतल्या मोजक्या पेशींत एक जनुक ठरल्या वेळी जागं होतं, त्यातून चिमुकलं प्रथिन बनतं, ते छातीतल्या ग्रंथीला हलवतं, आणि ग्रंथीच्या हार्मोननं सारं अंग बदलायला लागतं. ते जनुक नेमकं कधी जागं होतं, एवढंच बघण्यात माझी वर्षं गेली. सुखात गेली, आई.

हे पत्र कपाटातच राहील. एवढं एक मात्र सांगते. सुट्टीनंतर कॉलेजात ते दोन किडे बघून सरांनी विचारलं होतं, "इतक्या सुबक गाठी कुणी मारल्या?"

मी म्हणाले, "मीच."