झेंडा उतरल्यावर आलेला रावस

बाबा, गावाने यंदा पुन्हा रावसाची ओहोटी लावली आणि झेंड्याची दोरी माझ्या हातात दिली. हे तुला सांगावंसं वाटतंय. दुसऱ्या कुणाला सांगायला गेले तर अर्धं आधीच ठाऊक असतं आणि उरलेलं ऐकायला कुणाला वेळ नसतो. तू जिथे बसून जाळी विणायचास त्याच खिडकीशी बसले आहे. बाहेर बांबूंवर बोंबील सुकतायत. पलीकडच्या बंगल्यात शूटिंग चालू आहे, त्यांचा जनरेटर सकाळपासून घरघरतोय. मढ तसं बदललंय, पण वारा सुटला की खाडीचा वास अजून घरात येतो.

तुझ्या वेळची ती ओहोटी मला आजही डोळ्यांसमोर दिसते. नारळी पौर्णिमा होऊन मोठ्या बोटी लांब गेल्या की रावस खाडीच्या तोंडाशी यायला लागायचा. तेव्हा गाव एक दिवस ठरवायचं. त्या दिवशी मोठ्या बोटीने तिथे फिरकायचं नाही, फक्त लहान होड्या, आणि त्याही दालदी घेऊन. माशाचं डोकं शिरून कल्ल्यांना अडकतं ते पडद्यासारखं जाळं, घराला एकच. जाळ्याची आस, म्हणजे दोऱ्यांमधलं भोक, एवढी मोठी हवी की पिल्लू पलीकडे निसटून जाईल. तू ती मोजपट्टीने कधी पाहिली नाहीस, मूठ घालून बघायचास. खाडीचं तोंड पूर्ण बंद करायचं नाही, अर्धं माशाला मोकळं सोडायचं. झेंडा वर गेला की जाळी पाण्यात. नांगरलेल्या बोटींची तोंडं समुद्राकडे फिरली, म्हणजे भरती लागली, की झेंडा खाली, आणि मग जाळं भरलेलं असो की रिकामं, उचलायचं. झेंड्यानंतरचा मासा गावाचा. तो विकायचा नाही, घरोघरी वाटायचा. झेंडा तुझ्याकडे असायचा, कारण तू तांडेल, होड्यांचा म्होरक्या होतास आणि तुझ्या हाताबद्दल कुणाला शंका नव्हती.

मग ते वर्ष. दादाने नवी होडी घेतलेली, तिचा रंगही नीट वाळला नव्हता. तू झेंडा खाली घेतलास, सगळ्यांनी जाळी उचलली. दादाने उचललं नाही. त्याच क्षणी रावसाचा थवा आला होता, त्याला पाण्यात दिसत होता. तो परतला तेव्हा होडी माशांनी लवलेली. धक्क्यावर गाव जमलंय, मी आईच्या मागे उभी आहे, आणि दादा हसतोय. अजून हसतोय. त्याला वाटतंय तू खूश होशील. तू होडीत उतरलास, एक रावस उचललास आणि म्हणालास, "टोपल्या आणा. वाटून टाका."

"बाबा, मी व्यापाऱ्याला शब्द दिलाय."

"झेंडा बघितला नाय?"

"बघितला. पण मासा समोर होता. तू असतास तर उचललं असतंस जाळं?" मग दादाचा आवाज चढला. "तू माझा बाप हायस का गावाचा?"

तू शांतपणे म्हणालास, "जाळं ठेवलंस तेव्हा स्वतःला तांडेल समजलास. आता पोरगा कसा झालास?"

एवढंच. तू ओरडला नाहीस, हात उगारला नाहीस. पण त्याच्या तोंडावरचं हसू गेलं ते मी पाहिलं. बायका टोपल्या भरत होत्या आणि तो होडीच्या टोकाला पाठ करून बसला होता. आपल्या घरीही वाट्याचा मासा आला. आईने तो हातात घेतला नाही, शेजारी देऊन टाकला. पुढे दादाने होडी विकली आणि घाटकोपरला गेला. तिथे फ्रिज दुरुस्तीचं काम शिकला, लग्न केलं, संसार थाटला. तुझ्या वेळी तो आला, खांदा दिला आणि स्मशानातूनच परत गेला. आईच्या वेळीही तसंच. घराची पायरी त्याने चढली नाही.

माझं लग्न राहिलं ते राहिलंच. आईची मालाडच्या बाजारातली जागा मी धरली. गुडघे बोलायला लागेपर्यंत टोपली घेऊन बसले. आता घरीच असते. दिवसभरात फेरीवाल्याशी आणि रेडिओशी बोलते. दादाशी गणपतीला एक फोन, दिवाळीला एक. "बरी हायस ना?" "बरी हाय." त्याच्या पुढे आम्हा दोघांनाही काही सुचत नाही.

मधल्या वर्षांत ओहोटी बंदच पडली. खाडीचं पाणी काळं झालं, रावस दिसेनासा झाला, नियम पाळायचे तरी कशासाठी? गेल्या दोन-तीन हंगामांत मात्र थोडा थोडा यायला लागला. तेव्हा गावातल्या तरुण पोरांनी सभा घेतली, म्हाताऱ्यांना विचारून तुझे नियम पुन्हा जुळवले आणि मोबाइलवर सगळ्यांना पाठवले. त्यांच्या मंडळाचा पुढारी आता एक तिशीतला मुलगा आहे. तो घरी आला. म्हणाला, "आत्या, झेंडा तू धर. आमच्यातल्या कुणी धरला तर दुसरा बोलणार, ह्याने आपल्या भावासाठी थांबवला."

मी नाही म्हटलं. तो गेला नाही, पायरीवर बसून राहिला. शेवटी हो म्हटलं, कारण बऱ्याच दिवसांनी कुणीतरी माझ्या पायरीवर बसलं होतं.

ओहोटीच्या दिवशी मी धक्क्यावर गेले तर वर्सोव्याकडून आलेल्या फेरीबोटीतून दादा उतरला. हातात काठी, डोक्यावर टोपी. त्यालाही मोबाइलवर कळलं होतं. "बघायला आलो," म्हणाला, आणि माझ्याजवळ येऊन उभा राहिला. मी झेंडा चढवला. होड्या सुटल्या, जाळ्यांचे बोये पाण्यावर ओळीने तरंगायला लागले. आम्ही दोघं बघत होतो. मला बरं वाटत होतं, बाबा. नुसतं कुणीतरी शेजारी उभं असण्याचं बरं.

बोटींची तोंडं फिरायला लागली आणि नेमका तेव्हाच मासा आला. पक्षी पाण्यावर तुटून पडले, बोये हिसके खायला लागले. होड्यांमधून आरडाओरडा सुरू झाला. पुढाऱ्याला एका होडीतून फोन आला, त्याने तो माझ्यासमोर धरला. "आत्या, पाच मिनिटं थांब! आत्ता आलाय, आत्ता!" पुढारी माझ्याकडे बघत होता. "तू म्हणशील तसं, आत्या."

माझा हात दोरीवर होता आणि हलत नव्हता. ह्या दोरीने आपल्या घराचं काय केलं ते मला माहीत होतं. उद्या ह्यातल्या कुठल्या घरात बाप-लेक बोलायचे थांबतील?

"पाड," दादा म्हणाला.

"दादा, तू सांगतोस?"

"मग कोण सांगणार? पाड गं. त्यांच्यातल्या कुणी दुसऱ्यांदा विचारायच्या आधी पाड."

त्याने माझ्या हातावर हात ठेवला आणि दोघांनी मिळून दोरी ओढली. झेंडा खाली आला. एका होडीने जाळं उचललं, मग दुसरीने. एक होडी बराच वेळ तशीच राहिली. दादा काठी घट्ट धरून तिच्याकडे बघत होता. मग तिचेही बोये एकेक करून वर गेले. दादाने टोपी काढून तोंड पुसलं.

परतलेल्या एका होडीने मला रावस दिला. मी दादाला म्हटलं, "चल, जेवून जा." तो घरापर्यंत आला आणि पायरीवर बसला. "इथंच दे." मी ताट बाहेर आणलं. तो खात होता तेव्हा मी त्याला सांगितलं, की तो गेल्यावर तू कधी रावस खाल्ला नाहीस. आई वाढायला गेली की म्हणायचास, काटा लागतो. दादाचा घास हातातच राहिला.

"रावसाला काटा असतोच किती," तो म्हणाला. मग ताटाकडे बघत, "मला कुणी सांगितलं नाय."

तुला हे मुख्यतः सांगायचं होतं. त्याने ताटातलं सगळं संपवलं, नळावर हात धुतले, उंबऱ्यातून आत एकदा नजर टाकली, तुझ्या फोटोकडे असेल किंवा नुसतीच, आणि मालाडची बस पकडायला गेला. पुन्हा कधी येशील, असं मी विचारलं नाही. तो नाही म्हणाला असता तर मला गणपतीचा फोनसुद्धा उचलता आला नसता.

हे पत्र कुठे टाकायचं, बाबा? घडी घालून तुझ्या फोटोमागे ठेवते. आणि एक, कुणाला न सांगितलेलं: त्या दिवशी ताट वाढण्याआधी मी आतल्या खोलीत दादासाठी अंथरूण घालून ठेवलं होतं. ते अजून काढलेलं नाही.