नानांचं ‘एक शे’

धुळे, मंगळवार, १२ फेब्रुवारी १९९१

सोनगीरला निघालो होतो, पण पांझरेच्या पात्रात माणसं दोरी ताणताना दिसली आणि सायकल तिकडेच वळली. पायी जाणाऱ्यांसाठी आणि सायकलवाल्यांसाठी पूल होणार म्हणे! पुण्याचे इंजिनिअर साहेब या काठावर आणि डांगरवाडीवाले, म्हणजे नदीच्या वाळूत खरबुजं लावणारे, नाना पलीकडे, दोरीचं टोक धरून. दोरी नेमकी पलीकडच्या काठावरच्या उंबराला भिडलेली. म्हणजे उंबर जाणार? सावलीला, झोपेला, बगळे बघायला दुसरं आहे काय तिथं?

झुडपांमागचं साहेबांना दिसेना. त्यांनी ओरडून विचारलं, “मध्ये झाडं किती येतात?”

“एक शे!”

“एकशे किती?”

“एक शे, सायेब! आखो कितला पाहिजेत तुमले?” आणखी किती हवीत म्हणून नाना चिडले.

शंभरावर झाडं कोण तोडणार! साहेबांनी घाईघाईनं दोरी वरच्या अंगाला, खडकाकडे नेली. मला हसू आवरेना. पण सांगावं की गप्प बसावं? उंबर वाचत होता ना. शेवटी सांगितलंच, “साहेब, आमच्या बोलीत ‘शे’ म्हणजे ‘आहे’. झाड एकच आहे.”

साहेब आधी लाल झाले, मग खो खो हसले. दोरीच्या नव्या जागेकडे बघत म्हणाले, “राहू दे इथंच. दोन्हीकडे खडक आहे, पाण्यात एक खांब कमी लागेल.”

“मंग माले वळसा पडी ना!” नाना कुरकुरले, पण हसत.

पूल अजून नुसता दोरीचा आहे. मी मात्र मनातल्या मनात घंटी वाजवत दोनदा पलीकडे जाऊन आलो.