गार छताची वर्गणी

खालचा पाडा, ता. मुरबाड
२ जून २०२४

धाऊस जयरामचा रामराम.

मावशीला माझा दंडवत सांग; तुझी आई असली तरी मला आईसारखीच. भिमीताई आणि सापगावची मंडळी खुशाल असतील. इकडे आम्ही बरे आहोत. पूजा बाळाला घेऊन मागच्या आठवड्यात सासरी गेली. तुझ्या परसातल्या शेवग्याला तुझी वहिनी गिरजा पाणी घालते.

होळीच्या आधीच्या सोमवारची सकाळ मला रोज आठवते. त्या सकाळी मी अंघोळ केली, महादेवाच्या पिंडीवर रोजच्यासारखं तांब्याभर पाणी घातलं, आणि जीपने मुरबाडला जाऊन स्टँडवर मिताली मॅडमच्या हातात कागद दिला. त्या कागदाबद्दल लिहायला बसलो आहे. फोनवर जमत नाही. दोनदा लावला होता, तू हॅलो म्हणालास आणि मी भाताच्या बियाण्याचं विचारून ठेवून दिला.

मिताली मॅडम तुला आठवतात. पत्र्याची घरं गार करून देणारी ती ठाण्याची मंडळी. पत्र्याखाली उष्णता अडवणाऱ्या पाट्या आणि बांबूचे तट्टे, पत्र्यावर पांढरा रंग, भिंतीत वरच्या अंगाला झरोके. दिवसभर पंखा लागत नाही, विजेचं बिलही उतरतं. खर्च मात्र तुझ्या-माझ्या आवाक्यातला नाही. म्हणून ते घराचा फोटो आणि थोडी माहिती फोनवर टाकतात आणि कुठले कुठले लोक शंभर, पाचशे देतात. आपण गणपतीची वर्गणी काढतो तसंच, फक्त देणाऱ्याचं तोंड दिसत नाही.

माकडांनी कौलं फोडली तेव्हापासून आपल्या पाड्यात सगळेच पत्र्याखाली आलो. पण यंदा पाड्यातलं एकच घर होणार होतं, जे सर्वांत जास्त तापतं ते. ते शोधायचं काम त्यांनी माझ्यावर सोपवलं. उष्णता मोजायचं यंत्र दिलं. दुपारी दोनला प्रत्येक घरात टांगायचं, आकडा लिहायचा, फोटो काढायचा. जयरामकाका देवमाणूस आहेत, असं त्यांना शाळेतल्या बाईंनी सांगितलं होतं.

माझ्या घरात सदतीस भरलं. फणसाची सावली आहे ना. तुझ्या घरात त्रेचाळीस. तू कामावर होतास. मावशी ओलं लुगडं छातीवर टाकून खाटेवर पडली होती. मला म्हणाली, "हे कसलं घड्याळ रे आणलंस? माझा टाइम भरला का बघतोस?" मी हसलो. फोटो काढला.

मी तो फोटो दिला, धाऊ, यंत्रामागे खाटेवर मावशी दिसते तोच. तो त्रेचाळीसचाच होता. त्याच्याखाली घराचं नाव माझं लिहिलं.

का, ते सांगतो. त्यानं काही हलकं होणार नाही. पूजाचं पहिलं बाळंतपण, माहेरीच व्हायला हवं. दिवस चैत्रात भरत होते. तिच्या सासरी घरभर पंखे, खोलीत कूलर. सासूबाई साखरपुड्यातच म्हणाल्या होत्या, "तुमच्याकडं उन्हाळ्यात माणूस भाजून निघत असेल." ते मनात राहिलं होतं. कागद लिहिताना वाटलं, मावशीचे इतके उन्हाळे गेले, हाही जाईल. आणि तुझं पुढच्या वर्षी होईलच.

छत झालं. तू स्वतः दोन दिवस रजा काढून तट्टे उचलायला आलास. वर चढून मला म्हणालास, "तुझं झालं ना, मग पाड्यात आलंच समज." तेव्हा मी खाली पाटी धरून उभा होतो. मान वर केली नाही.

याच्यापुढचं तुला कुणीच सांगितलेलं नाही. गिरजाला माहीत आहे.

मे महिन्याच्या सुरुवातीला मावशी बाळाला बघायला आली. बाळाच्या हातावर दहाची नोट ठेवली, आणि तिथंच चटईवर आडवी झाली. "झाडाखाली निजल्यावानी वाटतं गो," असं गिरजाला म्हणाली आणि लगेच झोपली. तेवढ्यात मिताली मॅडम दारात. पैसे देणाऱ्यांना झालेलं घर दाखवायचं होतं. त्यांनी आत पाहिलं आणि म्हणाल्या, "अय्या, ह्याच ना फोटोतल्या आजी? सगळे त्यांचंच विचारतात."

मी हो म्हणालो.

त्यांनी निजलेल्या मावशीचा फोटो काढला. मग फोन पुढे करून लोकांनी काय काय लिहिलंय ते वाचून दाखवलं. नागपूरच्या कुणा बाईने लिहिलं होतं, माझी आई उन्हाळ्यातच गेली, या आजींना सुखाची झोप लागो. असं कितीतरी होतं. मी ऐकत उभा राहिलो. गिरजा चहा टाकायला आत गेली ती बाहेर आलीच नाही.

मॅडम गेल्यावर मावशी उठली. गिरजा म्हणाली, "मावशे, आता इथंच ऱ्हा पाऊस पडेपर्यंत." मावशीने माझ्याकडे बघितलं. मी नुसतं एवढं बोललो असतो, की रहा. पण मला वाटलं, ती राहिली की लोक विचारतील, बोलणं निघेल, फोटोचं निघेल. मी चपला शोधू लागलो. ती उठून गेली.

चौथ्या दिवशी ती चुलीपुढे पडली. शहापूरच्या दवाखान्यात नेताना जीपमध्ये तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं, आणि तू माझा हात धरून म्हणालास, "तू होतास म्हणून." ते शब्द माझ्या अंगावर अजून तसेच आहेत.

डॉक्टरांनी पत्र्याखाली ठेवू नका सांगितलं आणि तू तिला सापगावला भिमीताईकडे नेलंस. आता तू घर विकणार असल्याचं शेजारचा नवसू म्हणाला. मावशी तिकडे रोज विचारते म्हणे, आपल्या घरी कधी जायचं.

हे ऐकलं त्या दिवशी मी देवळात गेलो, पण पाणी घालायला हात होईना. तसाच परत आलो आणि मिताली मॅडमना फोन लावला. सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "काका, हे मला लोकांना कळवावं लागेल." मी म्हटलं, कळवा, नावानिशी कळवा. दुसऱ्या दिवशी त्यांनी कळवलं. काहींनी मला फार वाईट लिहिलं आहे. आमच्या सुयोगकडून वाचून घेतलं. नागपूरच्या बाईंनी एवढंच विचारलं होतं, आजी आता कुठे आहेत?

गुरुवारी मी छत उतरवायला घेतलं. पूजा सासरी गेल्यावर. म्हणजे यातही आधी माझंच पाहिलं, हेही लिहून ठेवतो. नवसू आणि कोंडू हाताखाली आले. कोंडू म्हणाला, "चांगलं छप्पर का उसवतोस रे, येड लागलं का?" मी त्यांना तिथेच सगळं सांगितलं. नवसूने हातातली पहार खाली ठेवली. म्हणाला, "रोज त्या महादेवाला पाणी घालून भिजवलास, म्हंजी त्याला पण झोपवून ठेवला होतास." मग त्याने पहार उचलली आणि कामाला लागला. 

पाट्या, तट्टे, सगळं तुझ्या घरात बसवलं. चार पाट्या काढताना मोडल्या, त्या मुरबाडहून नव्या आणल्या. माझ्या पत्र्याचा रंग काही निघत नाही, तेवढा माझ्याकडे राहिला. तुझ्या पत्र्याला मी दोन हात दिले. मावशीची खाट होती तिथे डोक्यावर दोन झरोके पाडले आहेत. आता पाऊस येईल, पण चैत्र पुन्हा यायचाच.

तू जाताना चावी माझ्याकडे दिलीस म्हणून आत जाता आलं. न विचारता तुझं घर उघडलं, त्याचीही माफी. मावशीला काय सांगायचं ते तू ठरव. घर विकायचं की नाही तेही. मी त्यात बोलायच्या लायकीचा नाही.

काल संध्याकाळी शेवटची पाटी ठोकली, केर काढला, कुलूप लावलं आणि चावी नवसूच्या हातात दिली. यापुढे ती त्याच्याकडेच असेल.

तुझा मित्र असं लिहायची सवय आहे. आज नुसतं नाव लिहितो.

जयराम