तीन दारांच्या खोलीतला पलंग

॥ श्री ॥

ओतूर
दि. ८ जून २०२५

ती. दादा यास,
मोहिनीचा कृ. सा. न. वि. वि.

वाडीहून इकडे फेऱ्या करणाऱ्या भागूने काल जीप थांबवून तुझं पत्र हातात दिलं. वाचलं आणि गॅसवरची भाजी करपली. वाडीच्या वरच्या डोंगराला भेग पडली आहे हे तू तिसऱ्या परिच्छेदात लिहितोस आणि आधीचे दोन परिच्छेद म्हशीच्या दुधात घालवतोस. तुझ्या घराला आग लागली तरी तू आधी पाऊसपाणीच कळवशील. फोन करावा तर रेंज फक्त डोंगरावरच्या सपाट सड्यावर मिळते, आणि भेगही तिथेच. तेव्हा आता सगळं पत्रातच लिहायचं आहे.

तुम्ही रोज संध्याकाळी ओढ्यापलीकडच्या शाळेत झोपायला जाता हे फार बरं करता. पण आईचं काय? शिमग्यात पडल्यापासून तिच्या डाव्या मांडीत सळई आहे. चौघांनी उचलून तिला ओढा ओलांडून न्यायचं आणि सकाळी परत आणायचं, हे ओढ्याला पाणी येईपर्यंत ठीक. पुढे? पळायची वेळ आली तर तू पळशील, मंगलवहिनी पोरांना घेऊन पळेल. आईला पळता येणार नाही. पावसाळा संपेपर्यंत तिला माझ्याकडे पाठव.

आतली लहान खोली मी रिकामी करते आहे. साडेसात बाय नऊ फूट, म्हणजे खोली म्हणायची एवढंच. डॉक्टरांनी तिला जमिनीवर झोपायला बंदी केली आहे, म्हणून पलंग घ्यायला हवा. हे म्हणतात, दुकानात जाऊ आणि उचलून आणू. मी म्हटलं, आधी टेप लावू. बाळासाहेबांनी आजवर आणलेली कुठली वस्तू आमच्या दारातून सरळ आत आली आहे?

आईला सांग, लेकीच्या घरी राहू नये वगैरे मला ऐकवायचं नाही. वहिनीला नमस्कार, पोरांना आशीर्वाद. तुझा लोभ आहेच, तो राहू दे.

तुझी
मोहिनी


॥ श्री ॥

हिरडमाळ
दि. १३ जून २०२५

चि. सौ. मोहिनी हिस,
अ. उ. आ. वि. वि.

तुझ्या सूचनेप्रमाणे म्हशीचं शेवटी लिहितो. आई यायला तयार झाली. मला वाटलं होतं महिनाभर समजूत काढावी लागेल, पण संस्कृतीजवळ निजायला मिळेल म्हटल्यावर अर्ध्या तासात गाठोडं बांधून बसली. लेकापेक्षा नात प्यारी, हे मला आधी कळलं असतं तर मी एवढी बडबड केली नसती.

तिची एकच अट आहे. म्हणते, कुठं बी निजवा, खाली निजवा न्हाईतर माळ्यावर, पर माझं पाय दक्षिणंला करू नगा. ती यमाची दिशा, माणूस गेल्यावरच त्याला तसं निजवत्यात. तुला आठवतं ना, आबा गेले तेव्हा सगळे रडत होते आणि हीच एकटी उठून त्यांचे पाय कुठे करायचे ते सांगत होती. या बाबतीत ती कुणाचं ऐकणार नाही. तेव्हा टेप लावताना दिशाही बघ.

मापं आम्हीही घेतो आहोत. भेगेच्या दोन्ही कडांना खुंट्या ठोकून मी आणि भागूने सुतळी ताणून बांधली होती. पाच दिवसांनी गेलो तर ती तुटली होती. पुन्हा बांधायला वीतभर जास्त लागली. अधिकारी येऊन चुन्याच्या खुणा करून गेले, नोटीस येईल म्हणाले. तोवर भाताची रोपं तयार होतील आणि ती लावायला आवणीही सुरू होईल. म्हैस दोन वेळचं सात लिटर देते.

माया आहे तशीच असू दे.

तुझा दादा
सुनील


॥ श्री ॥

ओतूर
दि. १८ जून २०२५

ती. दादा यास,
कृ. सा. न. वि. वि.

वीतभर वाचल्यापासून माझं चित्त ठिकाणावर नाही. कॉलेजच्या प्रयोगशाळेत दोन बाटल्यांची लेबलं मी आज उलटसुलट लावली.

पलंगाचं सांगते. दुकानात पाच प्रकार पाहिले. सामान ठेवायचा बॉक्सवाला बेड छान होता, पण त्याचं झाकण उघडलं की खोलीत माणूस उरत नाही. सागवानी पलंग उंच, आईचे पाय लोंबकळतील. लोखंडी कॉट ठीक वाटली, सव्वासहा बाय तीन, गुडघ्याएवढी उंच. मग घरी येऊन वर्तमानपत्रं चिकटवून कॉटच्या मापाचा एक कागदी पलंग केला आणि खोलीभर फिरवला. संस्कृती त्यावर झोपून दाखवत होती, आम्ही दारं उघडून बघत होतो.

दादा, या खोलीला तीन भिंतींना तीन दारं आहेत. उत्तरेला आत यायचं, पश्चिमेला बाथरूमचं, दक्षिणेला गॅलरीचं. इतकी वर्षं राहते आहे, पण हे मला कागदी पलंगाने दाखवलं. मोकळी भिंत एकच, पूर्वेची. पलंग तिलाच लागतो, म्हणजे दक्षिणोत्तर. डोकं दक्षिणेला केलं असतं तर प्रश्नच नव्हता, पण मग तिचं उजवं अंग भिंतीकडे येतं. तिला उजवा पाय आधी खाली टेकूनच उतरायला सांगितलं आहे. तसं उतरायचं तर डोकं उत्तरेला, आणि पाय बरोबर तिकडे, जिकडे नकोत.

यावर एक उपाय आहे. इथले सयाजी सुतार खोली पाहून गेले. गॅलरीच्या दाराशेजारी पाच फूट भिंत उरते. आई पावणेपाच फुटांची. ते म्हणतात, चार फूट दहा इंचांचा पलंग करून तिथे आडवा बसवतो, डोकं पूर्वेला, उजवं अंग मोकळं. माणूस मोठा हुशार. पण त्यांच्या हातात शाळेच्या बाकांचं काम आहे, जुलैच्या शेवटाआधी द्यायला जमणार नाही म्हणाले.

तेवढं थांबायचं का, ते तू सांग. मला ठरवता येत नाही आणि याचा मला रागही येतो आहे.

तुझी
मोहिनी


॥ श्री ॥

हिरडमाळ
दि. २४ जून २०२५

चि. सौ. मोहिनी हिस,
अनेक आशीर्वाद.

थांबायचं नाही.

तीन दिवसांपासून घरामागच्या झऱ्याला तांबडं पाणी येतं आहे. आबांच्या वेळेपासून त्या पाण्यात कधी काडी दिसली नव्हती. आणि परवापासून आपल्या घराचं पुढचं दार लागत नाही. पावसाने फुगलं असेल म्हणून मी रंधा मारला. तरी लागेना, तेव्हा बघितलं तर दार सरळ आहे आणि चौकट कलली आहे. मंगलला मी फुगलंय असंच सांगितलं. मला पहिल्यांदा भीती वाटली, म्हणून तुला लिहितो.

आई रोज शाळेत जायला नकार देते. पोरांच्या पाठीवर बसून वढा वलांडायचं माझं वय न्हाई, म्हणते.

तेव्हा तू ती लोखंडी कॉट उद्याच आण आणि पूर्वेच्या भिंतीला लाव. आईला सांग, डोकं उगवतीकडे आहे. पाऊस लागल्यापासून सूर्याचं तोंड कुणी पाहिलेलं नाही. तुमच्या तिसऱ्या मजल्यावर ना डोंगर ओळखीचा ना ओढा, तिला कशावरून कळणार? सुताराचा पलंग झाला की बदलून टाक, म्हणजे खोट्याचं खरं होईल. पाप लागलंच तर अर्धं माझ्या नावावर. तसं लहानपणी तुझं सगळंच माझ्या नावावर जायचं.

सोमवारी भागूच्या जीपने तिला पाठवतो. माझ्यावर रागावू नकोस.

तुझा दादा
सुनील


॥ श्री ॥

ओतूर
दि. २ जुलै २०२५

ती. दादा यास,
कृ. सा. न. वि. वि.

आई सुखरूप आहे. भागूने आणि ह्यांनी खुर्चीत बसवून तिला वर आणलं, आणि जिन्यात भेटेल त्याला ती आपलं गाव सांगत आली.

खोलीत आल्यावर कॉटवर बसण्याआधी तिने उभ्यानेच विचारलं, उगवत कुठं? मी हात केला. उत्तरेला केला, दादा, आपल्या आईच्या तोंडाकडे बघून. तिने उशीच्या बाजूला वाकून नमस्कार केला आणि मग बसली. आता रोज सकाळी उठून ती त्या दाराकडे तोंड करून हात जोडते. मी तेवढा वेळ स्वयंपाकघरातून बाहेर येत नाही.

झोप शांत लागते तिला. उजवा पाय आधी टेकून एकटी बाथरूमला जाते, भिंत धरून परत येते. कॉट उंचीला अगदी बेतशीर निघाली. एरवी मी दुकानदाराचं कौतुक केलं असतं. सयाजींनाही इसार दिला आहे, पंचवीस-सव्वीसला पलंग देतो म्हणाले. तेवढेच दिवस काढायचे.

एक मात्र झालं. संस्कृतीला पहिलीतच दिशा शिकवल्या आहेत. तिला बाजूला घेऊन आजीला काही सांगू नकोस म्हटलं, तर आपण आजीशी खोटं का बोलायचं असं तिने विचारलं. मी रागावले तिच्यावर. रागवायला नको होतं.

तुम्ही सगळे सांभाळून राहा. घरात पाऊल ठेवू नका, लागेल ते सामान दिवसाउजेडी काढून घ्या. आठवण ठेवून दोन ओळी लिहीत जा.

तुझी
मोहिनी


॥ श्री ॥

हिरडमाळ
दि. १२ जुलै २०२५

चि. सौ. मोहिनी हिस,
अनेक आशीर्वाद.

आवणी निम्मी झाली. भेग आता मापायची सोय राहिली नाही, आमच्या खुंट्याच आत गेल्या. वाडीतली सगळी माणसं रात्रंदिवस शाळेत असतात, फक्त खाचरात जायला बाहेर पडतात. म्हशी नेऊन पलीकडे बांधल्या. दूध निम्म्यावर आलं आहे, जनावराला कळतं ते आपल्याला उशिरा कळतं.

तू जिवाला लावून घेऊ नकोस. आई तिथे आहे एवढ्यावर मला झोप लागते. तुझ्या त्या खोट्या उगवतीला मीही इथून हात जोडतो. मंगल म्हणते, वन्संनी बरं केलं, आमच्यानं झालं नसतं.

लोभ कमी करू नकोस.

तुझा दादा
सुनील


घाटाखालच्या फाट्यावर
दि. २२ जुलै २०२५, दुपारी

दादा,
सा. न.

गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून लिहिते आहे. आई तुझ्याकडे आली का?

काल संध्याकाळी इकडे ऊन पडलं. महिन्याने पहिल्यांदा. सगळी बिल्डिंग गॅलऱ्यांमध्ये आली, शेजारच्या प्रतीक्षाताईंनी कपडे बाहेर वाळत घातले. मीही खुशीत आईसाठी चहा घेऊन गेले. बाथरूमचं दार उघडं होतं आणि वरच्या जाळीतून ऊन थेट तिच्या गुडघ्यांवर आलं होतं. मावळतीचं ऊन. मी तिला मावळत म्हणून गॅलरी दाखवलेली होती.

ती खूप वेळ त्या उन्हाकडे बघत होती. मग तिने पायांकडच्या भिंतीकडे बघितलं. मीच खाली बसले आणि सगळं सांगितलं, तुझी भेग, दार, सयाजींचा पलंग, सगळं. तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि बरं म्हणाली. जेवली पोटभर. मला वाटलं, सुटलो.

आज मी कॉलेजात, हे दुकानात, संस्कृती शाळेत. प्रतीक्षाताईंनी तिला काठी टेकत, जिन्याच्या कठड्याला धरून उतरताना पाहिलं. त्यांना म्हणाली, लेकीनं धाडलंय. भागूच्या जीपमध्ये पुढे बसली. आम्ही लगेच मागे निघालो, पण जीप वर गेल्यावर रस्त्यावर माती आली आहे. बंदोबस्तावरच्या लोकांनी अडवलं. मशीन उद्या सकाळी येईल म्हणतात. हा दूधवाला पायवाटेने वर जातो आहे, त्याच्याकडे हे पत्र देते. मी चालत निघाले होते, ह्यांनी धरून ठेवलं.

तिला त्या घरात ठेवू नकोस. शिव्या दिल्या तरी उचल. पुन्हा पाऊस सुरू झाला आहे. आम्ही इथेच थांबलो आहोत.

मोहिनी


हिरडमाळ
दि. २२ जुलै २०२५, संध्याकाळी

चि. मोहिनीस,
आशीर्वाद.

आई पोचली आहे. भागूला म्हणाली होती की सुनीलनंच बोलावलंय, आणि त्या शहाण्याने तिला थेट घराच्या अंगणात उतरवलं. मी खाचरातून येईपर्यंत ती आतल्या खोलीत आपल्या जुन्या बाजेवर जाऊन निजली होती. तेवढ्यात ओढा चढला. आम्ही चौघे तिला उचलून काठापर्यंत गेलो. पाणी छातीच्या वर आहे आणि त्यातून दगड वाहत येतात. परत फिरावं लागलं. खालचा रस्ता मातीने बंद, तेव्हा जीपचाही उपयोग नाही. त्या तिघांना मी दोर धरून पलीकडे पाठवलं. मंगल आणि पोरं शाळेतच आहेत. दूधवाला हे पत्र घेऊन वरच्या अंगाने परत जाणार आहे, त्या वाटेने आईला नेता येत नाही. सकाळी पाणी उतरलं की नेऊ.

मला वाटलं होतं ती रागाने आली असेल. मी तुझी बाजू घेऊन भांडायला लागलो, खोटं बोलायला मीच सांगितलं म्हणालो. तिने मला गप्प केलं. म्हणाली, पोरीचं काय चुकलं न्हाई, तिनं मायेनं केलं. पर बावीस राती म्या यमाच्या दाराकडं पाय करून निजले. आता त्यानं मला बघितलंय, त्यो येणारच. त्यो पोरीच्या घरी यायला नगं, तितं माझी नात निजती. म्हून म्या हितं आले.

मोहिनी, तिला वाटतं आहे की तिने तुमच्यावरचं संकट उचलून इथे आणलं आहे. त्या समाधानात ती पडून आहे, पाय मावळतीला करून. मी तिच्या उशाशी बसून लिहितो आहे. जमिनीतून मघापासून जातं फिरल्यासारखा आवाज येतो आहे. तिला तो ऐकू येत नाही हे बरं.

तुला एक निरोप आहे, तो तिने मला तीनदा म्हणायला लावला. त्या कॉटवर संस्कृतीला निजवू नकोस. उद्या सकाळी पहिलं काम म्हणून ती घराबाहेर काढ.

तुझ्यावर आम्हा दोघांचीही माया आहे, हे विसरू नकोस.

तुझा दादा
सुनील