मंदाक्रांतेची पाच अंडी

१ डिसेंबर, सोमवार

शार्दूल गेला.

सकाळी पाण्याच्या टबाशेजारी पडलेला. मान पंखाखाली, पाय काठीसारखे ताठ. अंगावर जखम नाही, म्हणजे कुत्रं नव्हे. थंडीच! काल संध्याकाळी खुराड्याचं दार लावायला मीच विसरलो. माळ्यावर सातवीचं क्रमिक पुस्तक सापडलं होतं. कवितांच्या पानांवर माझ्याच कोवळ्या अक्षरात लघु-गुरूच्या खुणा. त्यात असा बुडालो की बदकं बाहेर आहेत हेच डोक्यातून गेलं. आणि बाहेर आठ अंश!

आता गोजाला काय सांगू? गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून ती आकुर्डीला लेकीकडे आहे, साधनाकडे. तिथे लिफ्ट आहे. जाताना एवढंच म्हणाली, "बदकं तेवढी सांभाळा. घर काय पळून जात न्हाई." तिच्या माहेरची जात ही. लग्नानंतर तिच्या आईनं पाटीत घालून जोडी दिली होती, तिचाच वेल इथवर आला. तिच्या भावाकडची केव्हाच संपली. तळं बुजलं, त्यावर गोदाम उभं राहिलं. नर आता हा एकच उरला होता.

दुपारी सुनेला, पूनमला, बजावलं, "सासूबाईंना इथलं काही सांगायचं नाही. काही म्हणजे काही नाही. शब्द दे." "बरं आप्पा," म्हणाली, आणि मान खाली घालून मेथी निवडत राहिली.

२ डिसेंबर

संध्याकाळी गोजाचा फोन. "बदकं कशी हायत?"

"मजेत!"

जीभ कशी वळली माझी!

४ डिसेंबर

मंदाक्रांता आणि मालिनी, दोघीच उरल्या. वृत्तांची नावं मी हौसेनं ठेवली. गोजा 'मंदी' म्हणते, तिला तेवढ्यात भागतं. पण त्या बदकीची चाल बघावी! चार पावलं जड, सावकाश — मग एकदम पाच घाईची! आमचे गुरुजी टेबलावर छडीनं अगदी असंच वाजवायचे. पहाटेची शाळा, दातावर दात आपटतायत, आणि पाठांतर चाललंय. छडी लागायची तीही तालात.

आमच्या शेखरनं, पूनमच्या नवऱ्यानं, चाकणहून कंपनीतलं टाकाऊ थर्माकोल आणलं. खुराड्याला तिन्ही बाजूंनी ठोकलं, आत भाताचं तूस, वरून गोणपाट. पूनम म्हणते, "आप्पा, थोडं आमच्या खोलीला पण लावा की!" सकाळी पाणी कोमट करून ठेवलं. मालिनीनं त्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. गारठलेल्या टबात सरळ डुबकी! कापरं भरलं ते मला.

७ डिसेंबर

एक गोष्ट सुचली आहे. जमली तर!

मंदाक्रांतेनं आठवड्यात पाच अंडी दिली. ज्योतीराम म्हणतो, नर गेला तरी थोडे दिवस अंडं भरलेलं निघतं. (ज्योतीराम म्हणजे कंपनीत आमच्या खात्यातला जुना सोबती, मागच्या गल्लीत राहतो, कोंबड्या पाळतो.) आमची बदकं अंडी टाकतात आणि विसरतात, उबवायला बसत नाहीत. गोजा दर वेळी कोंबडीखाली ठेवायची. मी तेव्हा कधी फर्स्ट शिफ्टला, कधी सेकंडला. मला पिलं दिसायची ती थेट अंगणात पळणारीच.

संक्रांतीला ती घरी येणार. त्याआधी एक जरी नर निघाला तर मग शार्दूलचं सांगायला तोंड राहील.

९ डिसेंबर

ज्योतीरामनं त्याची खुडूक कोंबडी आणून दिली, टोपलीसकट. पाचही अंडी तिच्याखाली सरकवली.

"अर्जुनराव, ही बाई कामाला पक्की बरं का! एकवीस दिवस, एक खाडा न्हाई. आपल्यावानी युनियनवाली न्हाई!"

कॅलेंडरवर तीस तारखेला गोल केला. लगेच खोडला. पूनम बघेल, विचारेल. मग वाटलं, बघू दे, तिनं शब्द दिला आहे. परत केला.

१६ डिसेंबर

७.४ अंश! दिवसभरात अकरा वेळा टोपलीचं गोणपाट उचलून पाहिलं. अकराव्या वेळी कोंबडीनं टोचलं. बरोबरच केलं.

२१ डिसेंबर

अंधाऱ्या मोरीत एकेक अंडं मोबाईलच्या उजेडावर धरलं. आत लाल धाग्यांचं जाळं, आणि मधे एक ठिपका — हलला! पाचही भरलेली! पूनमनं अंडं माझ्याकडून काढून घेतलं, स्वतः उजेडावर धरलं. "आप्पा, आईंना सांगूया ना!" मी डोळे वटारले.

संध्याकाळी गोजा. "बदकं कशी हायत?"

"मजेत."

"आनि?"

"आणि काय, थंडी."

 मग तिनं गुडघ्याचं सांगितलं.

३० डिसेंबर

एकवीस झाले. काही नाही.

३१ डिसेंबर

काही नाही. प्रत्येक अंड्याला कान लावला. मला माझ्याच कानातलं गुंऽऽ ऐकू येतं, दुसरं काही नाही. जेवण गेलं नाही. पुस्तक उघडलं, चार ओळींत मिटलं. शब्द नुसते ओळीत लागलेले, अर्थ लागेना.

१ जानेवारी

तेवीस. ज्योतीराम आला. टोपलीत डोकावला, अंडं हलवून पाहिलं. "गेली राव. थंडीनं खाल्ली. आता गाडून टाका, वास सुटंल." कोंबडी वाळून निम्मी झाली आहे. "ती मरंल आशानं," म्हणाला, आणि काखेत मारून घेऊन गेला.

गोजाला विचारावं असं मनात आलं होतं. फोन हातात घेतलाही. पण अंड्यांचं विचारायचं तर आधी शार्दूलचं सांगावं लागणार.

ठेवून दिला.

२ जानेवारी

हे लिहायला नको वाटतं. पण मग कुठे ठेवू?

सकाळी अंगणात खड्डा खणला. टोपली उचलली. अंडी बर्फासारखी गार. पहिलंच हातातून निसटून फरशीवर फुटलं. आत बदकाचं पिल्लू. पूर्ण. भिजलेली पिवळी लव, चपटी चोच. चोच उघडली. मिटली. पुन्हा उघडली. मी ओंजळीत धरून फुंकत राहिलो. मग उघडली नाही.

तिथेच बसून आकुर्डीला फोन लावला. "गोजा, शार्दूल गेला. महिना झाला."

"हं."

एवढंच! मग अंड्यांचं सगळं भडाभडा सांगितलं. तिचा आवाज एकदम चढला. "कदी ठिवली?"

"नऊ तारखेला."

"अवं, एकवीस कोंबडीचं! बदकाला अठ्ठावीस लागत्यात! ऱ्हायलेली कुठं हायत?"

"टोपलीत. कोंबडी काल नेली."

"आदी पोटाशी धरा ती! बोलू नका, धरा!"

स्वेटरच्या आत चार अंडी धरून दुपारपर्यंत बसलो. हललो नाही. मग शेखरनं थर्माकोलच्या खोक्यात बल्ब लावून दिला.

५ जानेवारी

गोजा आली. डॉक्टरांना न विचारता, साधनाशी भांडून, रिक्षानं, वॉकर घेऊन. घरात शिरली ती थेट खोक्यापाशी. कोमट पाण्याचं पातेलं मागितलं, त्यात चारही अंडी सोडली. पिल्लू जिवंत असलं की अंडं पाण्यात डुलतं, म्हणाली. आम्ही तिघं पातेल्यावर वाकून बघत होतो.

पाणी हललं नाही.

"उद्या अठ्ठावीस. उद्यापतूर बल्ब ऱ्हाऊ द्या," म्हणाली. मला काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

६ जानेवारी

नाही.

गोजानं स्वतः बल्ब काढला.

७ जानेवारी

शार्दूल गेल्याचं गोजाला पहिल्याच दिवशी कळलं होतं. पूनमनं सकाळीच फोन केला होता, मी बजावण्याच्या आधी. अंड्यांचं मात्र तिनं कुणालाच सांगितलं नाही. मला शब्द दिला होता ना.