दुपट्यांचं ऊन पाणी

आत्याबाई, परवा मी सुनेला म्हटलं, "दुपट्यांचं पाणी ऊन होऊ दे, मग धू," आणि तिनं मुकाट्यानं मशीनचं गरम पाण्याचं बटण दाबलं. नातू तीन आठवड्यांचा आहे, नगरात थंडी मरणाची पडलीय, तेव्हा तिचं काही चुकलं असं नाही. पण मी तिथंच उंबऱ्यावर बसले आणि डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. ती बिचारी घाबरली. तिला काय सांगणार? ते हसू तुमचं होतं, मी नुसतं उसनं घेतलं होतं.

तुमच्या घरात मी आले ती राहात्याकडची, पाटपाण्यातली पोर. आमच्याकडं धुणं म्हणजे पाटावर जायचं, गुडघाभर वाहत्या पाण्यात लुगडी आपटायची आणि गप्पा मारत घरी यायचं. पाथर्डीच्या पुढं तुमच्या गावी मी उतरले ती नेमकी दुष्काळात. विहिरीचा तळ उघडा पडलेला, जनावरं छावणीत, मामंजी आणि हे ऊसतोडीला गेलेले. तुम्ही मागं राहिलात ते लेकीच्या बाळंतपणासाठी. आणि वन्संना मुलगी झाली तीही दिवस भरायच्या आधी, मुठीएवढी. सुईण जाताना बजावून गेली, "हिला गारठ्यात जपा. शेक चुकवू नगा." घरात गोवऱ्यांची एकच पाटी होती. जनावरंच नाहीत म्हटल्यावर शेण कुठलं आणि गोवऱ्या कुठल्या! ती पाटी तुम्ही बाळाच्या शेकासाठी राखून ठेवलीत आणि चुलीला काट्याकुट्या घालत राहिलात.

पहिले चार दिवस तुम्ही घरी थांबलात, दुपटी स्वतः धुतलीत. मला भाकरी आणि पाणी भरणं एवढंच काम. दोन हंडे पाणी आणायला अर्धा कोस जायचं, पहाटे दोर हातात धरला की बोटं जणू आपली नव्हेतच. पाचव्या दिवशी तुम्ही दुष्काळी कामावर खडी फोडायला निघालात. डोक्याला फडकं गुंडाळता गुंडाळता दारातून म्हणालात, "दुपट्यांचं पानी ऊन हू दे, मंग धू."

आणि मी चूल पेटवली.

अजून ते पातेलं दिसतं. पाण्याला वाफ आलीय, मी एकेक गोवरी सारतेय, हात कोपरापर्यंत त्या पाण्यात घालतेय. काय सुख होतं ते, आत्याबाई! दुपटी धुतली, माझी दोन लुगडी धुतली आणि पाणी दारात ओतून दिलं. ओतलं म्हणजे फेकलंच, पाटावरच्या सवयीनं. संध्याकाळी तुम्ही आलात, भुवयांवर खडीची पांढरी धूळ. पाटी उताणी पडलेली. वन्सं आतून रडवेल्या आवाजात म्हणाल्या, "आये, आता रातच्याला पोरीला शेकू कशावर?"

तुम्ही माझ्याकडं वळलात. मी मान खाली घालून म्हणाले, "तुम्हीच म्हणाला ना, पाणी ऊन होऊ दे म्हणून?"

मला वाटलं आता थोबाडीत बसते. तुम्ही हसलात. कमरेवर हात ठेवून, मोठ्यांदा. "अगं पोरी, तुझ्या म्हायेरी ऊन चुलीतून निघतं व्हय?" रडता रडता वन्संनाही हसू फुटलं. त्याच संध्याकाळी तुम्ही माझे हात उलटेसुलटे करून बघितलेत, भेगांतून रक्त आलं होतं, आणि त्यांना एरंडेल चोळलंत. मग धूळ पुसून भिंतीला टेकून बसलात, ते लेकरू चोळी सोडून छातीशी धरलंत आणि वरून गोधडी ओढलीत. पुढं सरपण जमेपर्यंत आठ दिवस हेच. दिवसा खडी फोडायची आणि दिवेलागणीपासून स्वतःच शेगडी व्हायचं. मी तुमच्या जागी असते तर सुनेला पहिल्या एस.टी.नं माहेरी धाडलं असतं.

त्या आठातला पहिला दिवस मात्र तुम्ही कामावर खाडा केलात. "चल, ऊन कुठनं निघतं ते दावते," म्हणून मला शिडीनं वर माळवदावर नेलंत. तिथं आतबाहेर काळी पडलेली तीन लोखंडी घमेली होती. सकाळी त्यांत थोडं थोडं पाणी पसरून ओतायचं, धूळ पडू नये म्हणून विरलेलं पातळ वर टाकायचं आणि आपल्या कामाला लागायचं. दुपारी कोपर बुडवून बघायचं. पाणी अंगाला लागेल इतकं ऊन झालेलं असायचं, काडीचंही सरपण न जाळता. मी कामसूपणा दाखवायला एकदा त्यातलं एक घमेलं घासून लख्ख केलं, तर म्हणालात, "कशाला गं? काळं भांडं ऊन पितं. गोरं नुस्तं मिरवतं." मी रंगानं गोरी, त्यामुळं दोन दिवस फुगून बसले होते.

त्या पाण्यात रिठे कुस्करून आधी दुपटी. तेच पाणी मग लुगड्यांना, जास्त मळलेल्याला राखेची निवळ. शेवटी उरलेलं रिठ्याचं पाणी परसातल्या शेवग्याला, कारण त्याच शेवग्याचा पाला बाळंतिणीच्या ताटात यायचा. मी तुम्हाला मनातल्या मनात चिंगूस म्हणत आले होते. त्या दिवशी कळलं की चिंगूस माणूस वस्तू दडवतो, तुम्ही ती चार जणांना पुरवत होतात. दुपटी तापल्या माळवदावर गोणपाटावर पसरायची आणि ऊन उतरायच्या आत, गरम असतानाच घडी करून गोधडीत गुंडाळायची. दिवेलागणीला पोरीभोवती तीच. "ऊन घडी घालून ठिवायचं," असं तुम्ही म्हणायचात. इतकी हुशार बाई मी पुढं शहरातही पाहिली नाही, हे तुम्हाला तोंडावर कधी सांगितलं नाही. सासूला कोण सांगतं?

ती मुठीएवढी पोर परवा बारशाला आली होती. पन्नाशी ओलांडलीय, आवाज तुमचाच. तिनं पाळण्याशी बसून तीच गोष्ट सांगितली, "आमच्या मामीचं ऊन!" तुम्ही होतात तोवर प्रत्येक लग्नाबारशात सांगायचात, तशीच कमरेवर हात ठेवून. सगळ्या बाया हसल्या, मीही हसले. इतकी वर्षं हसतेच आहे.

हे पत्र कुणाला वाचून दाखवायचं नाही. मी आत्ताच गच्चीवरून दुपटी आणली, अजून गरम आहेत, त्यांच्या घडीखाली ठेवते.

माझ्या सुनेला खरंच कळलं नव्हतं, आत्याबाई. मला कळलं होतं. चार दिवस मी चुलीपुढून तुम्हाला ती घमेली माळवदावर चढवताना बघत होते. 'ऊन' म्हणजे काय ते मला पक्कं ठाऊक होतं. माझे हात दुखत होते, आणि मी तुमच्या शब्दामागं लपले. तुम्ही आधी हसलात आणि मग माझे हात बघितलेत, की हात आधीच बघून झाले होते, तेवढं विचारायचं राहिलं.