आतल्या खोलीतला पलंग

सोमवार, ७ फेब्रुवारी १९३८. तळोदे

नीळ जास्त झाली! चुन्यात चिमूटभर घाल म्हटलं होतं, भुरीबाईने पुडीच्या पुडी ओतली. पांढऱ्याला जरा थंड झाक यावी, एवढंच मनात होतं. आता चारही भिंती परटाच्या घंगाळासारख्या दिसतात.

सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. "हाई खोली शे का नीळना डबा?" म्हणाल्या आणि गेल्या. भुरीबाई खो खो हसायला लागली. आमचं पाणी भरणं, सारवणं, चुना देणं सगळं तीच करते, म्हणून तिच्यावर रागावताही येत नाही. मीही हसले. मग रडूच आलं.

हे आज सकाळी अक्कलकुव्याला गेले, शेटजींसाठी लाकडाच्या लिलावाला. पुढच्या बुधवारी येतील. तेवढ्यात खोली झाली पाहिजे. लग्नाला नऊ महिने झाले. हे ओटीवर झोपतात, मी सासूबाईंजवळ माजघरात. आतली खोली थोरलीची, म्हणजे यांच्या पहिल्या बायकोची. जमुना नाव. तिला जाऊन दोन वर्षं होतील. तेव्हापासून खोलीत कांदे आणि फुटक्या टोपल्या. हे उंबरठ्याशीसुद्धा थांबत नाहीत.

वाईट वागतात म्हणावं, तर तेही नाही. ओरडत नाहीत, टोचून बोलत नाहीत. बोलतच नाहीत! मला नवरा हवा आहे, जेवून हात धुऊन जाणारा पाहुणा नको. खोली अशी करीन की यांचे पाय आपोआप आत वळतील. धुळ्याला असते तर मैत्रिणींना सांगितलं असतं. इथे वहीलाच सांगते.

मंगळवार, ८

मासिकातलं चित्र समोर ठेवलं आहे. मुंबईतल्या कुणा वकिलांचं शयनगृह. आरशाचं टेबल, झालरीचे पडदे, फुलदाणी, पलंग. माझ्याजवळ बाबांनी येताना हातात ठेवलेले पंधरा रुपये आणि ट्रंकेतली जुनी लुगडी.

पण जमतं हो! घासलेटच्या डब्यांची दोन रिकामी खोकी एकावर एक ठेवली, वरून जांभळं लुगडं चुण्या घालून सोडलं, काठ पुढे घेतला. वर आरसा. चार पावलांवरून पाहिलं तर थेट चित्रातलं टेबल. जवळ गेलं की वास येतो. जवळ जायचंच नाही.

बुधवार, ९

म्हशीने पडदा खाल्ला!

खिडकी तापीबाईंच्या गोठ्यावर उघडते, म्हणून तर पडदा हवा होता. हिरव्या लुगड्याचा केला, खाली झालर लावली, दुपारभर शिवत बसले. वाऱ्याने बाहेर गेला आणि म्हशीने वीतभर चघळून टाकला. मी बोंब मारली तर शेजारीणबाई आपल्या म्हशीचीच बाजू घेतात. "गवतसारखा हिरवा लाया, मंग ती खाईच ना!"

झालर काढून टाकली. आता पडदा अर्ध्या खिडकीला येतो. तीही नवी तऱ्हा असं म्हणायचं.

राहिला पलंग. हे सागाच्या वखारीतले मुनीम, आणि घरात साधा पलंग नाही! दिव्याखाली अंधार तो हाच. सासूबाईंपाशी विषय काढला. "पलंग कसाले? मानूस आजारी पडना म्हंजे खाटवर झोपस. धडधाकट मानूसले भुई शे." मी म्हटलं, आई, आता घरोघरी पलंग असतात. तर एकदम उठल्याच. "ह्या घरमा पलंग येवाव नही."

का नाही? कारण विचारायची सोय नाही. या घरात नवरा बोलत नाही आणि सासू सांगत नाही. मी आणि म्हैस, दोघीच काय त्या मोकळ्या.

गुरुवार, १०

दगा सुताराकडे गेले होते. नवा पलंग कधी देता? "होळीनंतर." गेल्या खेपेला पाट मागितले होते, तेव्हा "दिवाळीनंतर" म्हणाला होता. त्याच्या पंचांगात सणाच्या आधीचे दिवसच नाहीत. मी हट्ट धरला तेव्हा जरा घुटमळून म्हणाला, नदीकाठच्या भटजींकडे एक पलंग पडला आहे. कोरा करकरीत. स्वस्तात देतील.

मला कळलं तो कुठला ते. भटजी अंत्यविधी करणारे. माणूस गेलं की अकराव्या दिवशी त्याच्या नावाने पलंग, गादी, उशी, छत्री, जोडे असं सगळं शय्यादान त्यांना मिळतं. घर दोन खणांचं, पलंग ठेवणार किती? मग ते विकतात. कुणी घेत नाही, म्हणून स्वस्त.

मी घेणार! लाकडाला कसलं आलंय सुतक? दगाला म्हटलं, उद्याच आणा. कुणाच्या नावाचं दान, ते मी विचारलं नाही आणि त्याने सांगितलं नाही.

शुक्रवार, ११

आला! काय देखणा आहे! उशाकडच्या फळीवर कोरलेले दोन मोर, एकमेकांकडे माना वळवलेले. नवारसुद्धा मळलेली नाही. निळ्या भिंतीपुढे मोर असे काही खुलले की भुरीबाईची नीळ मी माफ करून टाकली.

दगाने आणि चैत्या हमालाने मिळून आणला. गल्लीत सगळ्या बाया ओट्यांवर येऊन उभ्या. एक अक्षर कुणी बोललं नाही. तापीबाई तर तोंडाला पदर लावून. म्हटलं, जळू देत.

सासूबाईंनी मोर पाहिले आणि अंगणातच खाली बसल्या. मी भांडणाची सगळी तयारी करून ठेवली होती. कोरा आहे, मजबूत आहे, माझ्या पैशांचा आहे! पण त्या बोलल्याच नाहीत. सगळे मुद्दे फुकट गेले.

शनिवार, १२

सासूबाई कालपासून जेवल्या नाहीत. नुसता चहा. भाकरी पुढे केली की तोंड फिरवतात. एका पलंगासाठी उपास! यांच्यात हट्ट कुठून आला ते आता समजलं.

गादी घातली, पांढरी चादर, उशांना धुळ्याचे अभ्रे. खोली चित्रातल्यापेक्षा छान झाली आहे. पाहायला कुणी नाही.

सोमवार, १४

मूर्ख मी. महामूर्ख.

विहिरीवर तापीबाईंनी बाजूला घेतलं. "पोरी, तो पलंग तुन्हाच घरना शे. जमुनाना शय्यादानना."

थोरलीचा! साऱ्या गल्लीला ठाऊक. भटजींना ठाऊक. दगाला ठाऊक, त्यानेच तर घडवला! माझा पदर डोक्यावरून किती बोटं सरकला यावर इथे पंचायत बसते, आणि हे सांगायला एकाचीही जीभ वळली नाही? दगाच्या दुकानात जाऊन चारचौघांत विचारलं. खाली पाहत रंधा मारीत राहिला. "तुम्ही ईचारं नही, वहिनी."

भटजींकडे निरोप धाडला, पैसे नकोत, पलंग परत घ्या. उत्तर आलं, एकदा घेतलेलं दान पुन्हा कसं घेऊ?

दिलेलं दान घरात परत आणणारी मी या गावातली पहिलीच असेन. आणि हे बुधवारी येणार. ज्या खोलीकडे पाहवत नाही, तिथे मी तिचाच पलंग मांडून ठेवला आहे. आता जन्मभर ओटीवर झोपतील. माझी भीती लिहूनच ठेवते. हे मला माहेरी पाठवतील.

मंगळवार, १५

दगाला दम दिला. उद्या पहाटे येऊन पलंग घेऊन जा, तोडा, जाळा, काहीही करा. हे संध्याकाळी येतात. त्याआधी खोली रिकामी हवी.

बुधवार, १६

दगा पहाटे आला तर तो दगा कसला? चांगला नऊला आला. पलंग दारात अडकला. आणताना सरळ आला होता, जाताना मोरांची फळी चौकटीला अडली. चैत्या एका अंगाला, दगा दुसऱ्या, मी मधे ओरडतेय, आणि समोर हे! लिलाव लवकर आटोपला म्हणे. हातात वळकटी तशीच.

मी काय काय बोलले देव जाणे. मला माहीत नव्हतं, कुणी सांगितलं नाही, मी घालवतेच आहे, आत्ता घालवते. यांनी वळकटी खाली ठेवली. "ऱ्हाऊ द्या. मझार ठेवा," एवढंच म्हणाले, आणि स्वतः एक पाय धरून पलंग आत नेला.

आत! उंबरठा ओलांडून! नऊ महिने ज्याची वाट पाहिली ते असं घडलं. पलंगावर मात्र बसले नाहीत. खाली जमिनीवर बसले, मोरांवर हात ठेवून. जेवायलाही उठले नाहीत. मी निळ्या भिंती केल्या, टेबल केलं, पडदा केला, यांना त्यातलं काही दिसलं नाही. खोलीत आले ते तिच्यासाठी. मेलेल्या बाईशी कुणी भांडायचं कसं?

गुरुवार, १७

आज सकाळी हे बोलले. थोरली या पलंगावर एक दिवससुद्धा झोपलेली नाही. शय्यादानाला पलंग कोराच लागतो. तीन वर्षं ती मागत होती, मोरांचा हवा म्हणून. सासूबाई म्हणायच्या भुई शे, आणि हे गप्प बसायचे. तापात गेली तीही याच खोलीत, चटईवर.

"जित्ती व्हती तवय नही दिधा," म्हणाले. "अकराव्या दिवशी दिधा. भटजीले."

दाराआड सासूबाई रडत होत्या. यांनी माझ्याकडे पाहिलं, पहिल्यांदाच नीट. "तुले काय बी लागनं तर मांग. आते मी गप्प बसाव नही."

मी म्हटलं, आधी जेवायला चला, आणि आईंनाही उठवा.